कडेचे वाकडे टाके

माझा टाका सरळ आणि जीभ तिखट. उधन्यातल्या आमच्या सोसायटीत या दोन्ही गोष्टी पोराटोरांना ठाऊक आहेत, तेव्हा तुमच्यापासून लपवून काय उपयोग? वीसेक वर्षं झाली, मी गोधड्या शिवते. आधी पांघरायच्या शिवल्या. मग त्याच गोधड्यांवर पतंग, लूमचे पट्टे, तापीवरचे पूल यायला लागले आणि कुणीतरी त्या नेऊन भिंतीवर टांगल्या. लोक मला कलाकार म्हणायला लागले. मला त्याचं काही विशेष वाटत नाही, असं मी चारचौघांत सांगायचे. वाटायचं हो, चांगलंच वाटायचं.

सुरतेत राहून कापडाला काय तोटा! मार्केटातून साड्यांच्या कातरणांची पोती यायची आणि गल्लीतल्या बायका माझ्या घरी जमायच्या. आम्ही अकराजणी. बहुतेक धुळे, शिरपूर, अमळनेरकडच्या. नवरे लूमवर नाहीतर डाइंग मिलमध्ये. दुपारी दोन ते पाच सगळ्यांचे हात चालायचे, तोंडं त्याहून जास्त. अंगणवाडीच्या पोरांना गोधड्या दिल्या, बाळंतिणींच्या वॉर्डात दुपटी दिली. मंडळाचा नियम एकच आणि तो माझा होता. वाकडा टाका ठेवायचा नाही. दिसला की उसवायचा. 'उसव' हा शब्द मी इतक्यांदा म्हणायचे की माझी मुलगी केतकी मला घरात 'उसवबाई' म्हणायची.

आमच्यात एक जयामावशी होत्या. हात कापायचा त्यांचा. एका दुपारी मी त्यांच्याकडून एकच ओळ चार वेळा उसवून घेतली. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्याच नाहीत. मी म्हटलं, जाऊ दे, नाही जमत तर नाही जमत. तेव्हा मी अशी होते.

बोटात सुई

गोधडी शिवणाऱ्या बाईच्या बोटाला घट्टा पडतो. माझ्या उजव्या तर्जनीवर तर असा घट्टा की सुई वरवर घुसली तरी कळायचं नाही. त्यामुळे बोटांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा मला काही वाटलं नाही. आठ-दहा दिवसांपूर्वी पोट बिघडलं होतं, म्हटलं अशक्तपणा असेल. सुई हातातून निसटायची, तर मी कापडाला शिव्या द्यायचे. "मेलं पॉलिएस्टर, हातात ठरेल तर शपथ!" दोन दिवस मी त्या बिचाऱ्या जॉर्जेटचा उद्धार करत होते.

तिसऱ्या दुपारी सरला एकदम ओरडली. सरला म्हणजे माझी शेजारीण. इतकी वर्षं सुरतेत काढली, पण अहिराणी सोडली नाही.

"काय व्हयनं माय तुले? बोटमा सुई शे!"

मी खाली बघितलं. सुई माझ्या बोटात उभी होती. घट्ट्याच्या बाजूला, मऊ मांसात. गोधडीवर रक्ताचा डाग पसरला होता आणि मी आपली नवरात्रात कोणाची चणियाचोळी कशी होती ते सांगत बसले होते.

"घट्टा आहे गं," मी हसून म्हटलं आणि सुई उपसून काढली. सरला हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला म्हणून जिना उतरायला गेले आणि दुसऱ्या पायरीवर पायांनी साथच सोडली. पडले नाही, खाली बसत गेले. वाटलं, कुणीतरी पाय काढून घेतले. केतकीनं मला पायरीवर बसलेली बघितलं आणि विचारलं, "मम्मी, तिथे काय करतेस?" मी म्हटलं, "उठता येत नाहीये." हे म्हणताना मला जी भीती वाटली, ती आजही जिन्यावर पाय ठेवताना आठवते.

एका श्वासात

दवाखान्यात पाठीतून पाणी काढलं, हातापायांना बारीक शॉक देऊन नसा तपासल्या. संध्याकाळपर्यंत नाव कळलं, जीबीएस. डॉक्टरांनी साधं करून सांगितलं. पोटाच्या जंतूंशी लढायला निघालेली शरीराची फौज चुकून आपल्याच नसांवर तुटून पडली होती. आजार पायांपासून वर चढत जातो. वाईट बातमी ही की तो श्वासापर्यंत जाऊ शकतो. चांगली बातमी ही की तो उतरतोही.

मी पहिला प्रश्न विचारला तो श्वासाचा नव्हता. "माझे हात?"

"आधी श्वास, मग पाय, मग हात. बोटांची टोकं सगळ्यात शेवटी."

"पण येतील ना?"

"बहुतेकांची येतात," डॉक्टर म्हणाले. "पूर्वीसारखी येतील का, ते आत्ता कुणी सांगू शकत नाही."

मला त्या माणसाचा इतका राग आला! आज कळतं, तो एकटाच माझ्याशी खरं बोलला होता. बाकी सगळे "काही होत नाही, काही होत नाही" करत होते, आणि मला तर डोळ्यांसमोर होताना दिसत होतं.

आयसीयूत दर दोन तासांनी सिस्टर यायची आणि म्हणायची, "एक श्वास मां गणो." एका श्वासात आकडे म्हणायचे, बस. पहिल्या दिवशी मी सव्वीसपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी अठरा. तिसऱ्या दिवशी तेरावर अडकले. शेजारी व्हेंटिलेटर आणून ठेवला आणि त्यावर निळं कापड टाकलं, मला दिसू नये म्हणून. काय बोलावं! कापड बघून मी कापडाखाली काय आहे ते ओळखणार नाही का? चौथ्या दिवशी पुन्हा तेरा. पाचव्या दिवशी पंधरा झाले तेव्हा सिस्टरनं माझा गाल चिमटीत धरला. ते मशीन निळ्या कापडासकट परत गेलं.

नाक

हा आजार झालेल्या कुणाच्या घरचं हे वाचत असेल तर एक गोष्ट सांगते, ती डॉक्टर सांगणार नाहीत. माणसाच्या नाकाला दिवसभर खाज येते. आपण खाजवतो आणि विसरतो. हात हलत नसले की कळतं.

तिथे एक आया होती. तिचं नावही मी विचारलं नाही, ही माझी चूक. पहिल्या दिवशी तिनं मला नाक उशीवर घासायचा प्रयत्न करताना बघितलं. त्यानंतर कॉटजवळून जाताना दर वेळी थांबायची आणि विचारायची, "नाक?" मी डोळे मिटले की खाजवून द्यायची आणि पुढे जायची. मोठमोठ्या औषधांनी मला वाचवलं हे खरं, पण त्या एका शब्दासाठी मी दिवसभर वाट बघायचे. तुमच्या माणसाला भेटायला जाल तेव्हा फळं नेऊ नका, आधी नाक विचारा.

घास

माझे यजमान महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवतात. मी त्यांना पहिल्यापासून मास्तरच म्हणते. मला वॉर्डात हलवल्यावर ते रोज डबा आणायचे आणि भरवायचे. पहिलीच्या पोराला शिकवावं तसं. "आ कर. मोठा. हं, चाव आता." वरण कधी गरम, कधी गार. एकदा घास हनुवटीवरून गळ्यावर ओघळला. आणि मी, जिचं बोटही हलत नव्हतं, तोंडानं मात्र तोफखाना सुरू केला.

"तुम्हाला साधा घास देता येत नाही! वीस वर्षं शाळेत काय शिकवलंत?"

मास्तरांनी डबा मिटला. बाहेरच्या पॅसेजमध्ये गेले. केतकी त्यांच्या मागे गेली आणि परत येऊन माझ्यासमोर उभी राहिली. तिची परीक्षा बुडाली होती आणि तिनं एका शब्दानं मला सांगितलं नव्हतं.

"मम्मी, पप्पा रडतायत. तू बस कर आता."

मीही रडले. रडताना नाक पुसता येत नाही, ते केतकीनं पुसलं. थोड्या वेळानं मास्तर परत आले, डबा उघडला आणि म्हणाले, "आ कर." मी आ केला.

त्या घासांवरून मला आईची गोधडी आठवायची. आमच्याकडे गोधडी कडेपासून सुरू करतात आणि गोल गोल शिवत मध्यावर येतात. मध्ये तळहाताएवढी जागा उघडी ठेवायची. ज्याच्या अंगावर ती गोधडी जाणार, त्यानं आपल्या हातानं त्या उघड्या जागेत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचा नखाएवढा वाळका तुकडा घालायचा आणि मग ती जागा शिवून टाकायची. आई म्हणायची, उपाशी गोधडी ऊब देत नाही. मी मंडळातही ही रीत चालवली होती. पण इतक्या गोधड्या जेवू घातल्या तरी घास देणाऱ्याच्या हातात काय असतं, हे मला कॉटवर पडून कळलं.

माळ्यावर

सव्वा महिन्यानं मी व्हीलचेअरवरून घरी आले. चारजणांनी खुर्चीसकट जिना चढवला. सोसायटीतल्या बायका दारात उभ्या होत्या, सरला ओवाळणीचं ताट घेऊन. मी सगळ्यांकडे बघून हसले आणि घरात शिरले तर खिडकीजवळची माझी जागा रिकामी. कातरणांची पोती नाहीत, सुयांचा डबा नाही, अर्धी गोधडी नाही. सगळं माळ्यावर टाकलेलं.

"तुला त्रास नको म्हणून," मास्तर म्हणाले.

"मी मेले नाहीये," मी म्हणाले.

बायका ताट घेऊन तशाच उभ्या. पण मला त्या रिकाम्या कोपऱ्यात एकच गोष्ट दिसत होती. घरातल्यांनी ठरवून टाकलं होतं की ही आता शिवणार नाही. मास्तरांचा हेतू चांगला होता, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तर जास्त लागलं.

त्याच संध्याकाळी मी सगळं खाली उतरवून घेतलं. मास्तर शिडीवर, केतकी खाली आणि मी खुर्चीतून हुकूम सोडतेय. "ते हिरवं पोतं आधी! अहो हिरवं, ते पोपटी झालं." मास्तर शिडीवरूनच म्हणाले, "हिची जीभ पूर्ण बरी झाली आहे, असं डॉक्टरांना कळवायला हवं." महिन्याभरात पहिल्यांदा आम्ही तिघं एकत्र हसलो.

पोंक

हेमालीबेन आमच्या फिजिओथेरपिस्ट. आवाज गोड, काळीज दगडाचं. पाय महिन्याभरात वॉकरवर उभे राहिले, पण बोटं ऐकायला तयार नव्हती. हलायची, पण धरायची नाहीत. आणि टोकांना काही कळायचंच नाही. डोळे मिटून हातात काय दिलं ते ओळखायचं, असा एक खेळ त्या घ्यायच्या. किल्ली, नाणं, रबर. मला सगळं सारखंच. रोज नापास.

थंडी पडली तसा मास्तरांनी पोंक आणला. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडा; हिरवा, कोवळा, ताटलीत पसरलेला. हेमालीबेन म्हणाल्या, "एकेक दाणो चपटीमां, ने सीधो मोंमां." एकेक दाणा चिमटीत धरायचा आणि तोंडात टाकायचा, जो उचलाल तो तुमचा. पहिल्या दिवशी मी अर्ध्या तासात चार दाणे खाल्ले. समोर बसून मास्तर शेव घालून मुठीमुठीनं खात होते. मी म्हटलं, लाज वाटते का? ते म्हणाले, तुला जिद्द यावी म्हणून करतोय. खोटारडा माणूस! पण जिद्द आली. उत्तरायणापर्यंत मी वाटीभर पोंक स्वतःच्या हातानं खात होते.

मग मी सुई मागितली.

सरलानं नवी गोधडी मांडून दिली. आत जुन्या सुती साड्या, वर जॉर्जेटचे तुकडे, सगळं कच्च्या टाक्यांनी धरलेलं. मी दाभणासारखी जाड सुई मुठीत धरली आणि कडेपासून सुरुवात केली. बोटांना सुई कळत नव्हती; डोळ्यांनी बघायचं, आता सुई इथे आहे, आता तिथे गेली. एक ओळ घालायला अख्खी दुपार. टाका कधी गव्हाएवढा, कधी बोटाएवढा. ओळ कधी वर, कधी खाली. घाम फुटायचा. हेमालीबेनना मात्र ते बघून आनंद झाला. म्हणाल्या, पोंक संपला तरी हे संपणार नाही, रोज करा.

दुपार संपली की सरला गोधडी गुंडाळून तिच्या घरी न्यायची. "तुन्हा घरमा पसारा नको," म्हणायची. दुसऱ्या दिवशी पुढची कड उघडून माझ्यासमोर ठेवायची. आदल्या दिवसाची ओळ मी ओझरती बघायचे आणि मला वाटायचं, अरे, हे तर बरं दिसतंय! काल थकले होते म्हणून वाकडं वाटलं असेल. दीड महिना मी या समजुतीत काढला. मी डॉक्टरांनाही सांगून आले, टाका सरळ येतोय. अभिमानानं सांगून आले.

भोकं

एका दुपारी सरलाला यायला उशीर झाला. ती सकाळीच गोधडी ठेवून गेली होती. मी खिडकीत बसून, काही काम नाही म्हणून, ती मांडीवर उलगडली आणि कडेवरून हात फिरवला. नुसताच. डोळे बाहेर होते, खाली टेम्पोत पार्सलं चढवत होते.

आणि बोटाला काहीतरी कळलं.

मी हात थांबवला. पुन्हा फिरवला. बारीक, खरखरीत काहीतरी. एक ठिपका, मग दुसरा, मग तिसरा. मी डोळे मिटले आणि बोट पुढे सरकवत गेले. ठिपक्यांची ओळ होती. वर जात होती, खाली येत होती, मध्येच लांब उडी मारत होती. मी डोळे उघडले. पॉलिएस्टरमध्ये सुईचं भोक पडलं की ते बुजत नाही, दोरा काढला तरी राहतं. माझ्या बोटाखाली रिकाम्या भोकांची वेडीवाकडी ओळ होती आणि तिच्या शेजारून पांढऱ्या दोऱ्याची सरळ, सुरेख, तांदळाएवढ्या टाक्यांची ओळ गेली होती. ती माझी नव्हती.

माझ्या मनात दोन गोष्टी एकाच वेळी आल्या. एक, मला कळतंय. माझ्या बोटाच्या टोकाला सुईचं भोक कळतंय! दुसरी, यांनी माझे टाके उसवले. सगळे. मी हसत होते की रडत होते, मलाच सांगता येणार नाही. केतकी आतून धावत आली.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

ती गोधडीची कड दुमडायला लागली. म्हणजे माहीत होतं.

"बोलव सगळ्यांना. आत्ता."

दहा मिनिटांत घर भरलं. मी गोधडी पसरून ठेवली होती. कुणी कडेकडे बघेना.

"कोणी उसवलं?"

सरला पुढे झाली. "आम्ही समद्यासनी. पाळीपाळीनं."

"का?"

"तूच सांगेल व्हतं ना," ती म्हणाली. "वाकडा टाका ठेवाना नही."

वीस वर्षं मीच हे त्यांच्या डोक्यात घातलं होतं. या बायका दिवसभर घरची कामं उरकून, संध्याकाळी माझे टाके उसवून, पुन्हा घालून, माझा नियम पाळत होत्या. आणि मला वाईट वाटू नये म्हणून एकीनंही तोंडातून शब्द काढला नव्हता. मला त्यांना झोडपून काढावंसं वाटत होतं आणि मिठी मारावीशी वाटत होती.

पण एक प्रश्न उरलाच होता आणि तो सगळ्यात मोठा होता. दीड महिना मी ज्या हाताच्या जोरावर उडत होते, तो हात खरोखर कसा होता? मला माहीतच नव्हतं.

"एक कोरं कापड द्या," मी म्हटलं.

सगळ्यांसमोर मी ओळ घातली. वीतभर ओळीला पाऊण तास लागला. मग मी ते कापड उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. सरळ नव्हती. स्पष्ट सांगते, सरळ नव्हती. पण कडेच्या त्या भोकांच्या शेजारी ठेवली तेव्हा सगळ्यांना दिसलं. टाके लहान झाले होते. उड्या होत्या तिथे आता ओळ चालत होती. हात येत होता.

"हे आता कुणी उसवायचं नाही," मी म्हटलं. "या गोधडीत यापुढे एकही टाका उसवायचा नाही."

"आणि उसवेल शे ते?" सरलानं विचारलं.

"ते मी परत घालते."

लाल दोरा घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्याच जुन्या भोकांतून सुई घालत गेले. डोळ्यांनी कमी, बोटांनी जास्त. बोट भोक शोधायचं, सुई मागे यायची. हेमालीबेनचा सगळा खेळ त्यात आला. आणि गंमत सांगू? वाकडा टाका मुद्दाम घालणं सरळ टाक्यापेक्षा अवघड असतं. बायकांच्या पांढऱ्या ओळींना मी हात लावला नाही. आज त्या गोधडीच्या कडेला त्यांची पांढरी सरळ ओळ आणि माझी लाल वाकडी ओळ शेजारीशेजारी जातात. पुढचं शिवणही सरलानं पांढऱ्या आणि मी लाल दोऱ्यानं तसंच शेजारीशेजारी केलं; आत आत जाल तशी लाल ओळ सावरत जाते. मध्याच्या जवळ तर कोणता टाका माझा आणि कोणता सरलाचा, ते फक्त रंगावरून कळतं.

होळीच्या आधी मी वॉकर सोडला. काठी घेऊन पहिल्यांदा एकटी घराबाहेर पडले ती दोन गल्ल्या पलीकडे जयामावशींच्या घरी. त्यांनी दार उघडलं आणि माझ्या काठीकडे बघत राहिल्या.

"मावशी, तुम्हाला चार वेळा उसवायला लावलं, मला माफ करा," मी म्हटलं. "उद्यापासून या. वाकडे टाके चालतील."

"तुला चालतील?" त्या म्हणाल्या. "मग नक्कीच मोठा आजार झाला होता."

आणि दुसऱ्या दिवशी दोनच्या ठोक्याला हजर.

कांताबेन

ती गोधडी मी प्रदर्शनात दिली नाही. मागितली होती. पण ती कुणाच्या अंगावर जाणार हे मी ठरवलं होतं. दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या खोलीत, जिथे माझ्यासारखी माणसं व्हीलचेअरवर येतात आणि एसीच्या गारठ्यात कुडकुडत बसतात, तिथे ती राहणार होती. हेमालीबेननी मोठ्या साहेबांना पटवलं. अट एकच, धुता आली पाहिजे. पॉलिएस्टर आहे, माझ्यापेक्षा जास्त टिकेल, मी सांगितलं.

फक्त मध्यावरची तळहाताएवढी जागा उघडी होती. घास कोण घालणार? रीत म्हणते, ज्याच्या अंगावर जाणार त्यानं.

त्या दिवशी मी, सरला आणि जयामावशी बसनं दवाखान्यात गेलो. पर्समध्ये कळण्याच्या भाकरीचा वाळका तुकडा, कागदात गुंडाळून. खोलीत व्हीलचेअरवर कांताबेन होत्या. कामरेजकडच्या, साठीच्या, शेतात राबलेल्या. त्यांनाही माझाच आजार. आयसीयूतून बाहेर येऊन आठ दिवस झाले होते. हात मांडीवर ठेवलेले, जसे कुणी ठेवले तसेच. सून शेजारी उभी होती आणि दर थोड्या वेळानं त्यांचं नाक पुसत होती.

मी गोधडी त्यांच्या गुडघ्यांवर टाकली आणि कडेचा लाल दोरा दाखवला. "आ मारो हाथ," मी म्हटलं. "पहेलां आवो हतो." हा माझा हात, आधी असा होता. मग मध्याकडचा दोरा दाखवला. त्या कितीतरी वेळ एकदा कडेकडे, एकदा मध्याकडे बघत राहिल्या. मी काही समजावलं नाही. शेतकरी बाई होती, उगवलेलं कसं ओळखायचं ते तिला माहीत होतं.

भाकरीचा तुकडा मी त्यांच्या तळव्यावर ठेवला आणि सांगितलं, हा इथे आत टाकायचा, तुमच्या हातानं.

"माराथी नहि थाय, बेन," त्या म्हणाल्या. माझ्यानं होणार नाही म्हणताना डोळे भरले त्यांचे.

"माराथी पण नहोतुं थतुं," मी म्हटलं.

पहिल्यांदा तुकडा बोटांतून घसरला. दुसऱ्यांदा गोधडीच्या कडेपर्यंत गेला आणि जमिनीवर पडला. सून वाकली तर मी तिला अडवलं. मी स्वतः वाकले, काठी बाजूला ठेवून, आणि माझ्या चिमटीनं तो नखाएवढा तुकडा उचलला. फुंकला, परत त्यांच्या हातात दिला. तिसऱ्यांदाही पडला. हेमालीबेन व्यायाम थांबवून बघत होत्या, शेजारच्या खुर्चीतले काका बघत होते. चौथ्या वेळी कांताबेननी दोन्ही हात जोडून घेतले, तुकडा दोन तळव्यांमध्ये धरला, खांद्यापासून सगळा जोर लावून हात पुढे सरकवले आणि उघडले.

घास आत पडला. सून टाळ्या वाजवायला लागली. कांताबेन रडत होत्या आणि हसत होत्या आणि "पड्यो? अंदर पड्यो?" असं विचारत होत्या.

"पड्यो," मी म्हटलं. "जेवली तुमची गोधडी."

मी लाल दोऱ्याची सुई घेतली आणि त्यांच्या गुडघ्यांवरच ती जागा शिवायला बसले. बोटांना कापड कळत होतं, सुई कळत होती, आतला भाकरीचा तुकडाही कळत होता. फक्त डोळ्यांना काही दिसत नव्हतं. पाणी थांबतच नव्हतं. गाठ मारली, दोरा तोडला.

जयामावशींनी चष्मा पुढे सरकवून, वाकून बघितलं.

"कल्पना, शेवटचा टाका वाकडा गेला तुझा," त्या म्हणाल्या. "उसवू?"

"हात तर लावून बघा!" मी म्हटलं.